तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं टिकतात कशी?

"तुमच्या साइटवरची माणसं पळून कशी जात नाहीत हो?" जालन्यात लग्नाच्या मांडवात भेटला तरी एखादा ठेकेदार मला हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पळून का जातात ते मी पाहिलंय. बीडकडं एका पुलाच्या कामावर मी सुपरवायझर होतो. माणसं हलू नयेत म्हणून ठेकेदारानं दोन महिन्यांची मजुरी दाबून ठेवली. होळीच्या आधी एका पहाटे कॅम्पात गेलो, तर पत्र्याच्या खोल्या सताड उघड्या. चुलीत निखारे होते, परातीत मळलेली कणीक, तिच्यावर बोटं उमटलेली. चाळीस जण मजुरीवर पाणी सोडून झारखंडला निघून गेले होते. स्लॅब दीड महिना रखडला. ती बोटं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

आपल्याला तर हे आधीच कळायला हवं होतं. दसरा झाला की आपलीच माणसं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात. उचल फिटेपर्यंत फडात जीव कसा अडकतो, ते बीड जिल्ह्यात कुणालाही विचारा.

मी रविवारी सकाळी खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, वाटतो, एकही रविवार चुकवत नाही. हजेरीबुकातली ज्याची त्याची ओळ वाचून दाखवतो. सळया वाकवणारा बारबेंडर असो की साधा बिगारी, खाडा कुठं लागला ते त्याला तिथंच कळतं. मे महिन्यात कामाचा टँकर उशिरा आला तरी चालेल, कॅम्पाचा आधी. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं पाळणाघर सांगितलं होतं ते पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथं. आमच्या एका पुलावर किनवटकडच्या वीसेक होत्या. लेकरांसाठी लिंबाखाली शेड टाकली, झोळ्या बांधल्या, एका मावशीला हजेरीवर ठेवलं. त्या नवरा-बायकोच्या जोड्या पूल पुरा होईपर्यंत राहिल्या.

आणि जायचं म्हणणाऱ्याला जाऊ देतो. छठच्या सणाला, भातकापणीला कोण जाणार त्यांची नावं दसऱ्यालाच लिहून घेतो. निघायच्या आदल्या दिवशी पैन्‌पै चुकती करतो, गाडीभाडं वरून. "सगळेच पैसे दिले तर परत कशाला येतील?" असं लोक म्हणतात. अहो, दिले म्हणूनच येतात!

गेल्या वर्षी छठनंतर आमच्या सेंट्रिंगच्या मिस्त्रीचा फोन आला. गाडी मनमाडला लागली होती. गावाकडचे चार जण जास्तीचे बरोबर आणलेत, खोली होईल का, म्हणून विचारत होता.