आई नंदीपाशी बसली

यंदाही श्रावणात औंढ्याला जाऊन आलो. सोमवारची गर्दी टाळून, परभणीहून जिंतूरमार्गे, सकाळी लवकर. दर वर्षीचंच सगळं, फक्त आईचे गुडघे आता तिला खाली उतरू देत नाहीत.

औंढा नागनाथाची पिंडी मंडपाच्या पातळीवर नाही. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं, अंग चोरून, जवळजवळ बसतच उतरावं लागतं. खाली उकाडा, ओल्या बेलपानांचा वास, डोक्याला लागेल इतकं खाली आलेलं छत. लहानपणी आई मला धरून उतरवायची. यंदा तिनं वरूनच हात जोडले आणि म्हणाली, "तू ये जाऊन. मी मागं नंदीपाशी बसते."

मागं, कारण इथला नंदी देवळाच्या पाठीमागं आहे. त्याची गोष्ट आमच्याकडं पोराटोरांना पाठ असते. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते. पूजेत अडथळा येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना मागं जायला सांगितलं. ते मागं जाऊन गाऊ लागले, तर सगळं देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. नंदी तेवढा जागीच राहिला.

नामदेव इथलेच, हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे, जन्म 1270 चा. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून नर्सीला शीख भाविकही येतात. आणि संत गोरा कुंभारांनी, म्हणजे गोरोबाकाकांनी, गुरू नाही म्हणून 'कच्चं मडकं' ठरवल्यावर त्यांना गुरू भेटले ते याच देवळात. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी ते पाय उचलून दुसरीकडं ठेवले, तर तिथंही पिंडी! ही गोष्ट मला नंदीच्या गोष्टीहूनही जास्त आवडते.

दर्शन झाल्यावर मी देवळाला सावकाश फेरी मारली. वरचं शिखर नंतरच्या काळातलं, पांढरं. खरं वैभव खालच्या काळ्या दगडात आहे. भिंतींवर देवदेवता, हत्ती, कितीतरी मूर्तींचे हातपाय, चेहरे तुटलेले. तरी एकेका मूर्तीच्या कमरेची वळणं, दागिन्यांचे पदर बघत उभं राहिलं की पाय निघत नाही. बहुतेक लोक रांगेतून दर्शन घेतात आणि तसेच गाडीत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे आठवं. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातलं 'नागेशं दारुकावने' म्हणजे द्वारकेजवळचं की आमचं, हा वाद चालू असतो. मराठवाड्यातल्या माणसाला तो प्रश्न पडत नाही.

मागं गेले तर आई डोळे मिटून नामदेवांचा अभंग पुटपुटत होती. शेजारी काठी टेकवून आणखी एक आजी बसलेल्या. त्याही खाली उतरल्या नव्हत्या.

गाभाऱ्यातून आणलेलं बेलपान मी आईच्या हातावर ठेवलं. तिनं ते कपाळाला लावलं, मधोमध तोडलं आणि अर्धं त्या आजींना दिलं.