सूर्यास्ताची घोडेसवारी आणि विम्याचा एक रकाना

बालीच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी घोड्यावरून फेरफटका मारून येणे ही मुळात अवघड गोष्ट नाही. चांगगूपासून वायव्येकडे, तानाह लोटचे देऊळ ओलांडून येह गांगापर्यंतच्या पट्ट्यात काही तबेले आहेत, घोडे शिकवलेले असतात, गाईड बरोबर असतो, आणि कधीही खोगिरावर न बसलेल्या माणसालाही तिथे सांभाळून नेतात. तरीही या सहलीचा विषय निघाला की मला आधी घोडा आठवत नाही. तबेल्याच्या अर्जातला विम्याचा एक रकाना आठवतो, आणि त्यात ‘होय’ लिहायचे की ‘नाही’ एवढे विचारण्यासाठी आपल्याकडच्या माणसांनी मला किती हेलपाटे घालायला लावले, ते आठवून अजूनही संताप येतो. त्यामुळे या लेखात घोड्यांपेक्षा विम्याविषयीच जास्त लिहिले जाईल. ज्यांना मुलाबाळांसह अशी सवारी करायची आहे, त्यांना त्याचाच अधिक उपयोग होईल याची मला खात्री आहे.

आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत गेलो होतो. एप्रिल ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा हंगाम असतो, त्यामुळे पावसाची फारशी चिंता नव्हती. आरक्षण हॉटेलच्या काउंटरवरून न करता मी थेट तबेल्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून केले आणि सर्वांना तेच सुचवीन, कारण मध्यस्थ पैसे घेतो, पण आपले वजन किती, आधी घोड्यावर बसलो आहोत का, मूल किती वर्षांचे आहे, हे तबेल्याला सांगत नाही. आमची मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिचा घोड्याचा अनुभव माथेरानपुरताच होता. तबेल्याने हे सगळे नीट विचारून घेतले, शनिवारी दुपारी साडेचारची वेळ दिली आणि एक अर्ज पाठवला. तो भरून शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत परत करायचा होता.

अर्जात वय, उंची, वजन, पाठीची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया, गर्भारपण, अ‍ॅलर्जी असे रास्त प्रश्न होते. शेवटी विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, आपत्कालीन दूरध्वनी आणि ‘या पॉलिसीत घोडेसवारीला संरक्षण आहे का’ हा प्रश्न होता. उत्तर ‘नाही’ असेल तर उपचाराचा सगळा खर्च स्वतः करण्याचे वेगळे हमीपत्र द्यायचे होते. तबेल्याची यात काहीच चूक नव्हती, उलट असा प्रश्न विचारणारा तबेला मला अधिक भरवशाचा वाटला. घोड्यावरून पडणे म्हणजे मनगट, खांदा किंवा माकडहाड मोडणे असू शकते, आणि परदेशी पर्यटकाला दाखल करून घेताना खासगी रुग्णालय आधी विमा कंपनीची हमी किंवा अनामत रक्कम मागते. मुलीच्या बाबतीत या रकान्यात अंदाजाने खूण करणे मला मान्य नव्हते.

पॉलिसी आम्हाला पुण्यातल्या पर्यटन कंपनीने सहलीच्या पॅकेजबरोबरच दिली होती, म्हणून पहिला फोन तिथे केला. ‘‘मॅडम, सगळं कव्हर आहे, तुम्ही बिनधास्त एन्जॉय करा,’’ असे उत्तर मिळाले. हेच मला लेखी पाठवा असे म्हटल्यावर मात्र सूर बदलला आणि ते विमा कंपनीलाच विचारावे लागेल असे सांगण्यात आले. विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर बराच वेळ संगीत ऐकल्यानंतर एका मुलाने पॉलिसी क्रमांक, जन्मतारीख आणि पासपोर्टवरचे नाव विचारले, आणि मग पॉलिसी पर्यटन कंपनीच्या गटातून काढलेली असल्यामुळे त्यांच्याशीच बोला, असे सांगितले. मी पुन्हा पर्यटन कंपनीला फोन केला. त्यांनी पुन्हा हेल्पलाइनचाच क्रमांक दिला. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, म्हणजे पुण्यातले कार्यालय दहाला उघडते तेव्हा तिथे साडेबारा वाजलेले असतात, आणि माझी शुक्रवारची सहाची मुदत भारतात दुपारी साडेतीनलाच संपणार होती. घरचे समुद्रावर होते आणि मी खोलीत फोनला चार्जर लावून बसले होते.

दुसऱ्या फेरीत हेल्पलाइनवर एक बाई भेटल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण त्यांचे उत्तर सर्वांत जास्त चीड आणणारे होते. ‘‘क्लेम आला की त्या वेळी ठरेल,’’ असे त्या म्हणाल्या. ज्या गोष्टीसाठी आपण आधी पैसे भरतो, ती आपल्याला मिळणार की नाही हे हाड मोडल्यावर कळेल, असे एखाद्या आईला सांगणे मला अजिबात पटत नाही. घोड्यावर बसायचे की नाही हा निर्णय मला आदल्या दिवशी घ्यायचा होता आणि त्यासाठीची माहिती कंपनीकडेच होती. मी तसे म्हटल्यावर त्यांनी ईमेल करायला सांगितले आणि अट्ठेचाळीस तासांत उत्तर येईल असे आश्वासन दिले. अट्ठेचाळीस तासांनी आम्ही घोड्यावरून उतरलेले असणार होतो.

पहिल्या ईमेलला उत्तर लवकर आले, पण त्यात माझ्या प्रश्नाला स्पर्शही केलेला नव्हता. पॉलिसीतले वगळलेल्या गोष्टींचे कलम तेवढे जसेच्या तसे चिकटवलेले होते. ते मात्र मी तीनदा वाचले आणि माझ्या लक्षात आले की खरा गुंता तिथेच आहे. गिर्यारोहण, पॅराग्लायडिंग, बंजी जंपिंग, घोड्यांच्या शर्यती, पोलो, अशी यादी होती आणि शेवटी ‘यांसारख्या इतर धोकादायक क्रिया’ असे शब्द होते. शर्यत वगळली आहे, पोलो वगळला आहे, मग गाईडबरोबर चालत्या घोड्यावरून केलेला फेरफटका त्या ‘यांसारख्या’मध्ये येतो की नाही, हे कोणी सांगायला तयार नव्हते. कंपनीचा अधिकारी दाव्याच्या वेळी ते शब्द स्वतःला हवे तसे ताणू शकतो, आणि घरापासून हजारो किलोमीटरवर जखमी मूल घेऊन बसलेल्या माणसाजवळ वाद घालायला ना वेळ असतो ना त्राण.

मग मी दुसरे ईमेल वेगळ्या पद्धतीने लिहिले आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. ‘घोडेसवारी कव्हर आहे का’ असा मोघम प्रश्न न विचारता मी त्या संध्याकाळचे वर्णनच लिहून काढले. सवारी दीड तासाची आहे, व्यावसायिक तबेल्याचा गाईड पूर्ण वेळ बरोबर आहे, हेल्मेट सक्तीचे आहे, घोडा चालीने आणि फार तर थोडा वेळ दुडक्या चालीने जाईल, शर्यत नाही, अडथळ्यांवरून उडी नाही, घोडा पाण्यात पोहवणे नाही. या वर्णनाच्या खाली एकच प्रश्न ठेवला की अशा प्रकारात अपघात झाल्यास त्या कलमाच्या आधारे दावा नाकारला जाईल का, आणि उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच द्यावे. शिवाय हे ईमेल मी फक्त ग्राहक सेवेला न पाठवता तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवले. त्या अधिकाऱ्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर छापलेला असतो आणि बहुतेक लोक तिथपर्यंत कधी पोहोचतच नाहीत. मुदतीत उत्तर न आल्यास विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवीन, हेही शेवटी लिहिले.

शुक्रवारी भारतात दुपारचे अडीच वाजून गेले तेव्हा, म्हणजे माझ्या मुदतीच्या तासभर आधी, दोन ओळींचे उत्तर आले. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, सुरक्षा साधनांसह, मनोरंजनासाठी केलेली आणि शर्यत किंवा उडी यांचा समावेश नसलेली घोडेसवारी त्या कलमात येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी त्या उत्तराचा फोटो तिघांच्याही फोनमध्ये ठेवला, अर्जात ‘होय’ लिहिले आणि पाठवून दिला. एवढे उत्तर द्यायला कोणालाही पहिल्या फोनवरच पाच मिनिटे पुरली असती, ही गोष्ट मी आजही विसरू शकत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की हे सगळे निघण्यापूर्वी घरी बसून करावे. उत्तर नकारार्थी आले तर वेगळा प्रीमियम भरून साहसी खेळांचे जादा संरक्षण काही पॉलिसींत घेता येते, पण ते साधारणपणे देश सोडण्याआधीच घ्यावे लागते, विमानतळ ओलांडल्यावर तो मार्ग बहुधा बंद होतो. बालीत सर्रास भाड्याने घेतल्या जाणाऱ्या स्कूटरलाही हेच लागू आहे, कारण तिथे वैध परवाना नसताना झालेल्या अपघाताचा दावा हमखास अडकतो, आणि स्कूटरवरून पडणारे पर्यटक घोड्यावरून पडणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

आता सवारीविषयी. तबेल्याच्या दाराशी नारळीच्या पानांच्या छोट्या ताटलीत फुले आणि पेटती उदबत्ती ठेवलेली होती, तसा नैवेद्य बालीत दारोदारी दिसतो. मला ‘इबू’ (म्हणजे ‘बाई’) म्हणणारा आमचा गाईड अतिशय दक्ष होता. तो आमची वजने आणि अर्जातले आकडे ताडून पाहत होता, याचे कारण मला नंतर कळले. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा असा एक सर्वमान्य अंदाज आहे, म्हणजे तीनशे किलोचे तट्टू असेल तर साठ किलोच्या वर जाणे त्याच्यावर अन्याय आहे. सुंबा बेटावरची सॅण्डलवूड जातीची तट्टे चणीने लहान असतात, त्यामुळे मुलीला तसे तट्टू आणि आम्हा दोघांना मोठे घोडे मिळाले. जो तबेला वजन विचारतच नाही, तिथे घोड्यावर बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथऱ्यावर उभे राहून आम्ही घोड्यावर बसलो आणि भातखाचरांमधल्या वाटेने निघालो. थोडे अंतर गेल्यावर गाईडने सर्वांना थांबवले आणि प्रत्येक घोड्याचा तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा एकदा आवळला. खोगीर घालताना घोडा पोट फुगवून धरतो, चालू लागल्यावर पोट आत जाते आणि तंग सैल पडून खोगीर एका बाजूला घसरू शकते. त्याने माझ्या घोड्याच्या पोटाखाली हात घालून, तंग आणि कातडी यांच्यात दोनच बोटे जातात ना, ते पाहिले. हे आपल्या गाईडने केले नाही तर आठवण करून द्यावी.

ज्वालामुखीमुळे तिकडची वाळू काळी आहे, आणि ओल्या वाळूवर मावळतीचा उजेड पडला की सगळी पुळण चकाकते. माझ्या घोड्याला परतणारी लाट आवडत नसे, पायाखालून फेस मागे सरकू लागला की तो आडवा चालू लागे. ‘‘पाण्याकडे बघू नका, इबू, त्याच्या कानांमधून पुढे बघा,’’ असे गाईडने सांगितले आणि मी तसे केल्यावर घोडाही सरळ चालू लागला. मुलगी दुडक्या चालीला न घाबरता रिकिबीत उभी राहून हसत होती, आणि तिच्या मागून जाताना माझ्या मनात विम्याचा विचारही नव्हता. सूर्य सहानंतर थोड्याच वेळात बुडाला. तिथे वर्षभर सूर्यास्त साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यानच होतो आणि नंतर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो, त्यामुळे साडेपाचची वेळ देणाऱ्यांना नकार द्यावा, कारण परतीची वाट अंधारात काढावी लागते.

वेळ ठरवताना भरतीही विचारून घ्यावी, हे मी आधीच लिहायला हवे होते. भरतीला पुळण अरुंद होते आणि घोडे मऊ वाळूत रुततात. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याचा आपला कोकणातला हिशेब बालीत चालणार नाही, तिथले स्थानिक कोष्टक पाहावे लागते. मात्र भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते हे तिथेही खरे आहे, त्यामुळे आज संध्याकाळी किनारा पाण्याखाली असेल तर चार-पाच दिवसांनी त्याच वेळी तो मोकळा मिळू शकतो. पायात चपला किंवा सँडल नकोत. थोडी टाच असलेले बंद बूट हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. पँट लांब असावी, नाही तर रिकिबीचा पट्टा पोटरीची साल काढतो. चांगगू भागातली वाहतूक इतकी तुंबते की दहा किलोमीटरला एक तास धरावा.

आणि दुसऱ्या दिवसाचा बेत हलका ठेवावा. आम्ही रविवारी लेंपुयांगला जाणार होतो, तिथे वरच्या देवळापर्यंत सतराशेहून अधिक पायऱ्या आहेत. सकाळी पलंगावरून उतरतानाच मांड्या इतक्या आखडलेल्या होत्या की तो बेत मंगळवारवर ढकलला.