‘औदुंबर’वर एक परिच्छेद लिहिताना

बालकवींची ‘औदुंबर’ आठ ओळींची. अनेकांच्या तोंडपाठ असलेली, आणि म्हणूनच तिच्यावर लिहायला अवघड. पाठ असलेली कविता आपण वाचत नाही, नुसती म्हणतो. विश्लेषणपर निबंधाच्या मधल्या भागासाठी तिच्यावर एक परिच्छेद हवा होता, दीडशे शब्दांच्या आत. तो कसा लिहिला, कुठे फसला आणि का, एवढंच इथे मांडतो आहे.

आधी कविता हाताने उतरवून ओळींना आकडे घातले. हे शाळकरी वाटेल, पण उतरवताना डोळा प्रत्येक शब्दावर थांबतो आणि पुढे ‘सहावी ओळ’ असं म्हणता येतं, ‘कवी एके ठिकाणी म्हणतात’ असं मोघम लिहावं लागत नाही. जुन्या आवृत्तीत ‘सांवळा’, ‘गांव’, ‘जळांत’ असे अनुस्वार आहेत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर ते गळले. कोणतीही एक आवृत्ती धरावी, पण मग निबंधभर तीच. अर्धे अनुस्वार ठेवले आणि अर्धे टाकले, तर तपासणाऱ्याला वाटतं की ओळी आठवणीतून लिहिल्या आहेत. बहुधा ते खरंच असतं.

मग तीन रंगांच्या पेन्सिली. एक क्रियापदांसाठी, एक रंगवाचक शब्दांसाठी, एक शरीराशी संबंध असलेल्या शब्दांसाठी. या कवितेपुरते हे तीन गट. दुसऱ्या कवितेला दुसरे लागतील. रंगांच्या पेन्सिलीला भरपूर काम मिळालं: हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. शरीराच्या पेन्सिलीने एकच खूण झाली, शेवटच्या ओळीतला ‘पाय’. ही खूण महत्त्वाची ठरेल असं तेव्हा वाटलं नाही.

रंग इतके ठळक असल्यामुळे पहिलं विधान त्यांच्यावरच बेतलं: ‘या कवितेत काळा डोह हे मृत्यूचे प्रतीक आहे.’ वाक्य वजनदार आणि लिहायला सोपं. त्याला टेकू द्यायला बालकवींचा १९१८ सालचा रेल्वेखालचा मृत्यूही हाताशी होता. पण कवितेनंतर घडलेली गोष्ट कवितेतल्या शब्दाचा पुरावा होऊ शकत नाही, म्हणून तो टेकू लगेच काढला. तरीही विधान पडलं, ते सातव्या ओळीमुळे:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

‘गोड काळिमा’. काळा म्हणजे मरण, हे समीकरण मांडणाऱ्याने या ‘गोड’चं काय करायचं? दोन वाटा असतात. तो शब्द अवतरणातून गुपचूप गाळायचा, किंवा विधान बदलायचं. पहिली वाट परीक्षेत बऱ्याचदा खपते, पण लिहिणाऱ्याला ती आतून माहीत असते. विधानाच्या आड येणारा शब्द परिच्छेदाच्या सुरुवातीलाच शोधावा. शेवटी सापडला तर सगळं नव्याने लिहावं लागतं, आणि इथे लागलं.

दुसऱ्या खेपेला शाळेतल्या रसग्रहणाच्या साच्याने घोटाळा केला. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे पाडायची सवय इतकी मुरलेली असते की हात आपोआप ‘चित्रदर्शी शब्दकळा’, ‘निसर्गाचे मनोहारी वर्णन’ असं लिहायला लागतो. अशा वाक्यांची एक साधी परीक्षा आहे. ‘औदुंबर’च्या जागी दुसऱ्या कोणत्याही निसर्गकवितेचं नाव घालून बघायचं. वाक्य तसंच उभं राहिलं, तर ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही. माझी चार वाक्यं अशीच गेली.

मग त्या एकट्या ‘पाय’कडे परत आलो. पाचवी-सहावी ओळ पुन्हा वाचली:

पायवाट पांढरी तयांतुन अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे

‘पायवाट’ या शब्दावर पेन्सिल फिरलीच नव्हती, कारण तो रोजचा शब्द आहे आणि रोजच्या शब्दातला ‘पाय’ दिसत नाही. तो दिसल्यावर विधान जमलं. त्यावर कोणी ‘नाही, असं नाही’ म्हणू शकतं का, हेही तपासलं. म्हणू शकतं. ‘कवितेत निसर्ग आहे’ यावर कोणी भांडणार नाही, म्हणून त्यावर परिच्छेदही उभा राहत नाही.

अखेरचा खर्डा असा झाला:

‘औदुंबर’मध्ये माणूस कुठेच नाही, पण पाय आहेत, आणि ते वाटेकडून झाडाकडे जातात. तिसऱ्या ओळीत ‘चार घरांचे गांव’ येते, घरांत कोणी आहे का याचा मात्र पत्ता लागत नाही. तिथल्या माणसांची खूण एकच, पावलांनी पडलेली पायवाट. ती हिरव्या कुरणातून ‘चालली काळ्या डोहाकडे’. ‘चालली’ हे क्रियापद वाटेला रोजच्या बोलण्यातही लागते, त्यामुळे इथवर ‘पायवाट’ हा नेहमीचाच शब्द वाटतो. शेवटच्या ओळीत औदुंबर ‘पाय टाकुनी जळांत बसला’, आणि मग त्या शब्दातला ‘पाय’ जागा होतो. मराठीत झाड उभे असते. इथे ते बसले आहे. झाडाला मुळे असतात. इथे पाय आहेत. वाट जिथे संपते तिथे चालणारा पोचलेला दिसायला हवा, आणि त्या जागी झाड बसलेले आढळते. माणसाची चाल झाडाच्या बसण्यात मुरते.

कवितेतून उचललेले तुकडे तीन, शब्द मिळून दहा. पहिल्या खर्ड्यात चार पूर्ण ओळी उतरवल्या होत्या आणि त्यांच्याखाली एका वाक्यात ‘यातून हे स्पष्ट होते’. पूर्ण ओळ दिली की वाचणाऱ्याला आपण नेमकं कुठे बोट ठेवतोय ते कळत नाही. बोट ‘बसला’वर असेल तर तेवढाच तुकडा घ्यावा.

मराठीत अवतरण वाक्यात बसवताना एक खास अडचण येते. क्रियापद शेवटी असल्यामुळे तुकडा मधे घातला की मागे ‘असे कवी म्हणतात’ची शेपटी लागते आणि तीन वाक्यांत तीच शेपटी तीनदा येते. त्यावर उपाय म्हणजे तुकडाच असा निवडायचा की त्यातल्या क्रियापदावर आपलं वाक्य पुरं व्हावं: ‘ती हिरव्या कुरणातून ‘चालली काळ्या डोहाकडे’.’ ‘बसला’चा तुकडाही तसाच. अवतरणाला विभक्ती चिकटवणं (‘काळ्या डोहाकडे’ला, ‘गोड काळिमा’ने) टाळलेलं बरं, कानाला खडा लागल्यासारखं वाटतं.

‘चालली हे क्रियापद रोजच्या बोलण्यातही लागते’ हे वाक्य पहिल्यांदा नव्हतं. तेव्हा ‘वाट चालली, म्हणजे वाटेला माणसाचे रूप दिले’ असं लिहिलं होतं. पण रस्ता गावाकडे चालला, असं आपण सर्रास म्हणतो, त्यात कसलं चेतनगुणोक्तीचं कौतुक? तो आक्षेप लपवण्यापेक्षा परिच्छेदातच घेतला आणि सगळा भार ‘बसला’वर टाकला. त्याने विधान थोडं नरम झालं, पण टिकलं.

जे कापलं त्यातलं एक वाक्य मला आवडलेलं होतं: ‘टाकणे’ म्हणजे त्यागणे, म्हणून औदुंबर विरक्त आहे. वाचायला झकास. पण पाण्यात पाय टाकून बसणारी पोरं विरक्त नसतात. शब्दाचा एक अर्थ दुसऱ्यावर लादला जात होता. औदुंबराखालचे दत्तगुरूही आत शिरू पाहत होते. या आठ ओळींत त्यांना बोलावणारा शब्द मला सापडला नाही, म्हणून तेही बाहेर.

रंगांचं सगळं टिपण पुढच्या परिच्छेदासाठी ठेवलं. त्यात एक चांगला धागा आहे: हिरवा रंग सहाव्या ओळीत शेवटचा दिसतो, त्याच ओळीत काळा पहिल्यांदा येतो आणि आठव्या ओळीत रंगच नाही. हे याच परिच्छेदात कोंबण्याचा मोह झाला होता. कोंबलं असतं तर पायांचं म्हणणं अर्ध्यावर तुटलं असतं.

‘असला’ मात्र अजून कुठेच बसलेला नाही. ‘असला औदुंबर’, म्हणजे कसला? वर्णन झालंय म्हणून ‘असा’, की कौतुकाने, की नवलाने? बोलण्यात ‘असला’ला बऱ्याचदा नाराजीची छटा असते, आणि इथे ती नाही. ‘बसला’शी जुळणारा म्हणून तो आला असं म्हणून सुटता येईल, पण तेवढ्याने भागत नाही. खर्ड्याच्या समासात तो शब्द प्रश्नचिन्हासकट तसाच आहे.