तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी चालू आहे, तरी वजन काहून उतरत नाही?

"मॅडम, थायरॉईडची गोळी रोज घेऊन राहिली, फिरायलाही जाऊन राहिली, तरी काटा काहून हलत नाही?" आहाराचा सल्ला विचारायला आलेल्या बाईचा हा प्रश्न. तिच्याबरोबर आलेला माणूस तिच्यासमोरच दुसरा प्रश्न टाकतो, "हे सगळे बहाणे तर नाहीत ना?" दोन्ही प्रश्न इतक्या वेळा ऐकले आहेत की एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

बहाणे नाहीत. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली की बहुतेकींचं वजन वाढतं. पण ग्रंथीच्या वाट्याचं वजन साधारण अडीच ते साडेचार किलो असतं, आणि त्यातही चरबी कमी, शरीरात साठलेलं मीठ-पाणी जास्त. डोस बसला की ते पाणी निघून जातं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने काटा खाली येतो आणि मग अडतो. तो अडला म्हणजे गोळी निकामी झाली असं नाही, तिचं काम तेवढंच होतं. उरलेले दहा-बारा किलो ती विरघळवत नाही.

हे सांगितलं की समोरच्या बाईचा चेहरा पडतो. "म्हणजे माझंच चुकलं?" नाही हो. निदान होण्याआधी कितीतरी महिने अंगात त्राण नसतं, पाय जड, झोप पुरत नाही, हालचाल आपोआप कमी होते. तेव्हा जमलेली चरबी आळसाची नसते, पण ती चरबीच असते, आणि तिला चरबीचाच हिशेब लागतो.

त्याआधी गोळी पोटात नीट शोषली जाते का ते बघा. सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, साध्या पाण्यासोबत. चहा-कॉफी, दूध, नाश्ता निदान अर्ध्या तासाने, तासभर थांबलात तर उत्तम. कॅल्शियम, लोहाची गोळी किंवा ॲसिडिटीचं औषध आणि थायरॉईडची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सगळ्या गोळ्या एकाच डबीत भरून चहासोबत घेणाऱ्या बायका मी रोज बघते. डोस कागदावर वाढत जातो आणि टीएसएच, म्हणजे ग्रंथी मंद असताना वाढणारा रक्ततपासणीतला आकडा, तिथल्या तिथे. सकाळ धावपळीची असेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, फक्त वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. बाटली गॅसच्या ओट्याजवळ किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि हे औषध उष्णतेने व दमटपणाने कमजोर होतं. डोस बदलला की तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधीचा आकडा फसवा. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, त्याने रिपोर्टच चुकतो.

आता जे सांगते आहे ते त्या बाईंच्या परवानगीने, नाव न घेता. मानेवाड्याकडच्या, पंचेचाळिशीच्या. डोस ७५ मायक्रोग्रॅम, टीएसएच व्यवस्थित, वजन ७६ किलोवर अडलेलं. एका लग्नात कुणीतरी सांगितलं की हीच गोळी जास्त घेतली तर चरबी जळते. त्यांनी कुणाला न विचारता रोज दोन घ्यायला सुरुवात केली. मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी चालून गेली. दोन-अडीच महिन्यांत चार किलो उतरले. सासू कौतुक करू लागली, जावेने "काय खातेस गं?" म्हणून विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात त्यांच्या शरीराबद्दल कुणी चांगलं बोललं होतं. हात थरथरत होते, रात्री झोप नव्हती, बसल्या जागी नाडी ११० च्या वर. त्यांनी ते वयावर ढकललं, पाळी जायची वेळ आली असेल म्हणून. वॉशिंग मशीनमधून ओल्या चादरी काढताना हाताला जोरच लागेना, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या. टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे अंगात हार्मोन गरजेपेक्षा फार जास्त. असं चालत राहिलं तर हृदयाची लय बिघडते, हाडं झिजतात. त्यांचं तिथवर गेलं नाही. डोस पूर्ववत झाला आणि वजन परत आलं, अंगातला जोर मात्र आला नाही. जे चार किलो गेले त्यात स्नायूही गेले होते. माझ्यासमोर बसून त्या रडल्या ते तब्येतीसाठी नाही. म्हणाल्या, "ते दोन महिने तरी मी बारीक होती न." त्या वाक्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण गोळीचा डोस हे वजन उतरवण्याचं हत्यार नाही, हे मी प्रत्येकीला पहिल्याच भेटीत सांगते, तिने विचारलेलं नसलं तरी.

जेवणाचं विचाराल तर मी पहिल्यांदा तेलाच्या डब्याबद्दल विचारते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी दिवसाला जवळपास ४० मिली झालं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. तीन लिटरवर आणलं की माणशी रोजच्या १४० वाचतात, महिन्याकाठी अर्ध्या किलोचा फरक. पोळी-भात तसाच राहून. सावजी रस्सा सोडा असं मी म्हणत नाही, वरची तर्री, म्हणजे तेलाचा तवंग, बाजूला काढा. तर्री पोहे खायचे तर तर्रीतले चणे जास्त घ्या आणि तवंग कमी.

उपाशी मात्र राहू नका. दिवसाला सात-आठशे कॅलरींवर राहिलं की शरीर काम करणारं हार्मोन, टी-३, आणखी कमी करतं, म्हणजे जे आधीच मंद आहे ते अजून मंद. रोजच्या गरजेपेक्षा तीनशे ते पाचशे कमी, एवढंच. प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास ठेवा. ३० ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीत साडेसहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. नुसत्या पातळ वरणावर हा आकडा गाठता येत नाही. थायरॉईडमध्ये चालत नाही म्हणतात ते कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा. सोयाबीन चालेल, गोळीच्या वेळेपासून दूर.

व्यायामाबद्दल माझाच माझ्याशी वाद आहे. पूर्वी मी सांगायचे, टीएसएच बसेपर्यंत फक्त चाला. त्यात तथ्य आहे. हार्मोन कमी असताना स्नायू दुखतात, गोळे येतात, सावरायला वेळ लागतो. पण नुसतं चालून ७० किलोच्या माणसाच्या पाऊण तासात दीडशे-पावणेदोनशे कॅलरीच जातात, आणि स्नायू तोवर आणखी सैल पडतात. म्हणून आता मी सुरुवातीपासूनच थोडा ताकदीचा व्यायाम घालते: हात न टेकता खुर्चीवरून उठबस आठ-दहा वेळा, भिंतीला टेकून दंड तेवढेच, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. तिसऱ्या दिवशीही अंग दुखत असेल तर एक फेरी कमी. नेमकं कधी वाढवायचं याचा एकच नियम मला अजून सापडलेला नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असून मांड्या फार दुखत असतील तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड मंद असताना त्या गोळ्यांचा स्नायूंना त्रास होण्याची शक्यता वाढते. आणि उन्हाळ्यात अंबाझरी असो की सेमिनरी हिल्स, सकाळी सातच्या आत घरी या. या आजारात घाम कमी येतो, म्हणून ऊन लवकर बाधतं.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर. कंबर दर पंधरा दिवसांनी बेंबीच्या रेषेत मोजा. महिन्याला एक-दीड किलो म्हणजे चांगलं चाललं आहे.

आणि हे सगळं तीन-चार महिने मनापासून करूनही काही हललं नाही, तर हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. रात्री घोरत असाल, सकाळी डोकं जड असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. टीएसएच नॉर्मल असूनही काहींचा थकवा जात नाही, हे खरं आहे, आणि त्यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. अशी बाई समोर बसली असताना "तुम्ही चोरून खात असाल" असं तिच्या बरोबरच्या माणसाने म्हटलं, तर मी आधी त्याला थांबवते, मग तिच्याशी बोलते.