खडीच्या रस्त्यावरचे तेरा आठवडे

तेरा गाणी, तेरा आठवडे. दर सोमवारी एक गाणं घ्यायचं, आठवडाभर तेच ऐकायचं, आणि पहिले तीन दिवस शब्द डोळ्यांनी वाचायचे नाहीत. कानाला लागेल तेवढंच वहीत. असा नियम करून अमेरिकन गायिका-गीतकार ल्युसिंडा विल्यम्सचा ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ हा अल्बम मी ऐकायला घेतला. काल तेरावा आठवडा संपला. ऑल्ट-कंट्री, म्हणजे मुख्य धारेबाहेरचं अमेरिकन कंट्री संगीत, मनापासून ऐकणाऱ्यांसाठी वहीतल्या नोंदी जरा नीटनेटक्या करून ठेवते आहे.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ल्युसिंडाचा जन्म १९५३ चा, लुइझियाना राज्यातल्या लेक चार्ल्स गावचा. १९७९ आणि १९८० मध्ये फोकवेज या रेकॉर्ड कंपनीकडून तिचे दोन अल्बम आले. मग आठ वर्षं काही नाही. १९८८ मध्ये तिच्याच नावाचा अल्बम, १९९२ मध्ये ‘स्वीट ओल्ड वर्ल्ड’, आणि त्यानंतर हा, थेट ३० जून १९९८ ला. मधल्या सहा वर्षांची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. १९९५ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनला तिचा गिटारवादक आणि निर्माता गर्फ मॉर्लिक्स याच्याबरोबर काम सुरू झालं, ते तिच्या मनाला येईना. मग नॅशव्हिलमध्ये स्टीव्ह अर्ल आणि रे केनेडी या निर्मात्यांबरोबर गाणी नव्याने ध्वनिमुद्रित झाली. शेवटचा हात लॉस एंजेलिसमध्ये रॉय बिटनने फिरवला. हा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमधला पियानोवादक. एवढ्यात मॉर्लिक्सशी असलेली अनेक वर्षांची साथ तुटली आणि ‘हिचं कधी समाधानच होत नाही’ असा शिक्का तिच्यावर बसला. तो शिक्का मला तेव्हाही पटला नव्हता, आता तर मुळीच पटत नाही. ती ज्यासाठी अडून बसली होती ते या रेकॉर्डमध्ये ऐकू येतं. कुठे ऐकू येतं, ते पुढे सांगते.

पहिला आठवडा, ‘राइट इन टाइम’. एकटी बाई घरात आहे. चुलीपाशी उभी राहून पाणी उकळताना बघते आहे. पुढे घड्याळ काढते, कानातलं काढते, हातातल्या बांगड्या उतरवते आणि पलंगावर पडते. दूर असलेल्या माणसाची ओढ ती इतक्या सरळ सांगते की पहिल्यांदा शब्द लागले तेव्हा मी हेडफोन कानावर घट्ट दाबला. घरात सासूबाई होत्या, मुलं होती. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे : ‘लाजत नाही, दाखवतही नाही.’

त्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली आणि ती पुढे सगळीकडे उपयोगी पडली. ड्रमच्या ठेक्यावर मी मांडीवर टाळी देत होते. शब्द टाळीवर पडेल असं वाटायचं आणि तो पडायचा नाही, केसभर मागून यायचा. वाद्यं वेळेवर, गळा रेंगाळलेला. शाळेत असताना चार वर्षं तबल्याच्या क्लासला जायचे, तिथे ‘लय सोडू नकोस’ हे इतकं ऐकलं होतं की आधी मला ही चूकच वाटली. पण ती लय सोडत नाही. लय तिला पक्की ठाऊक असते, म्हणूनच ती मागे राहू शकते.

दुसरा आठवडा, शीर्षकगीत. इथे मी सगळ्यात जास्त थांबले. नियमाने एकच आठवडा द्यायचा होता, पण मन निघेना, म्हणून पुढच्या आठवड्यातही रात्रीचं ऐकणं याच गाण्याचं ठेवलं.

गाण्यात एक सकाळ आहे. स्वयंपाकघरात कॉफीचा वास, अंडी, रेडिओवर कंट्री गायिका लोरेटा लिन. मग निघण्याची घाई. पुढे गाडी, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, रेडिओवर जुना कंट्री गायक हँक विल्यम्स, मागे पळणारे तारांचे खांब. पुढच्या सीटवर मोठी माणसं हलक्या आवाजात बोलताहेत. मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचं मूल खिडकीतून बघतं आहे आणि त्याच्या गालावर धूळ आणि आसवं एक झाली आहेत. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच : खडीच्या रस्त्यावर गाडीची चाकं, पुन्हा खडीच्या रस्त्यावर गाडीची चाकं. का निघाले, भांडण झालं का, काही सांगत नाही. मुलाला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं.

ल्युसिंडाचे वडील मिलर विल्यम्स कवी होते. १९९७ मध्ये बिल क्लिंटन दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा शपथविधीत त्यांनी कविता वाचली होती. त्यांच्या कॉलेजातल्या नोकऱ्यांमुळे हे कुटुंब सारखं गाव बदलत राहिलं : व्हिक्सबर्ग, जॅक्सन, मेकन, बॅटन रूज, मधे काही काळ चिलीतलं सँटियागोसुद्धा. तिने सांगितलं आहे की हे गाणं तिने लिहिलं तेव्हा ते मूल आपणच आहोत हे तिला उमगलंच नव्हतं. वडिलांनी ऐकलं, त्यांना लगेच कळलं, आणि त्यांनी तिची माफी मागितली.

हे वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. दर तीन वर्षांनी बदली. ट्रकच्या केबिनमध्ये आई आणि मी, मागे गाद्यांत गुंडाळलेली भांडी, आणि धरणाच्या वसाहतीकडे वळलं की डांबर संपून खडी सुरू व्हायची. त्या खडीचा एक आवाज असतो, चाकाखाली दाणे फुटल्यासारखा. तो आवाज म्हणजे नवीन शाळा. गाण्यात तो आवाज कुठेही वाजवलेला नाही. पण तिने ‘ग्रॅव्हल’ हा शब्द ज्या खरखरीत गळ्याने उच्चारला आहे त्यात तो आहे. हा शब्द नुसता ऐकण्यासाठी मी गाणं किती वेळा मागे नेलं असेल त्याची मोजदाद नाही.

तिसरं गाणं ‘2 Kool 2 Be 4-Gotten’. त्याच्या नावात ‘टू’च्या जागी दोनदा २ चा आकडा आहे आणि ‘फरगॉटन’मधल्या ‘फर’च्या जागी ४. आपल्याकडच्या नंबरप्लेटींवर २१४ चा ‘राम’ आणि ४१४१ चा ‘दादा’ करतात तसंच. बर्नी आइम्स या छायाचित्रकाराने मिसिसिपीतल्या ज्यूक जॉइंट्सचे, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्या-नाचण्याच्या गुत्त्यांचे फोटो काढले होते. त्यातून हे गाणं आलं. भिंतीवर रंगवलेल्या पाट्या ती एकामागोमाग वाचत जाते आणि मधेच पुलाच्या कठड्याला टेकलेला एक माणूस येतो. पहिले तीन दिवस मला हे गाणं सुटं सुटं वाटलं. चौथ्या दिवशी कळलं की ते सुटं असण्यातच गंमत आहे. भिंतीवरच्या पाट्या एकमेकींशी बोलत नसतात.

‘ड्रंकन एंजल’ ब्लेझ फोलीसाठी आहे. ऑस्टिनचा हा गाणारा फेब्रुवारी १९८९ मध्ये गोळी लागून गेला, चाळिशी गाठायच्या आत. बूट चिकटपट्टीने सांधलेले असायचे, ते गाण्यातही आहेत. ती त्याच्यावर रडत नाही, त्याला रागावते : का सोडलंस, का हातची गिटार जाऊ दिलीस. मेलेल्या माणसावर रागावण्याचा हक्क जवळच्यालाच असतो. ‘काँक्रीट अँड बार्ब्ड वायर’ आठवडाभर ऐकूनही माझ्या हाताला फारसं लागलं नाही. कुणाला लागलं असेल तर जरूर सांगा.

सहाव्या आठवड्यात हेडफोनची उजवी बाजू गेली. दुरुस्तीला द्यायला आठ दिवस जमलं नाही. ‘लेक चार्ल्स’ मला एका कानानेच ऐकावं लागलं, आणि त्यातून शिकायलाच मिळालं. अर्धी वाद्यं विरली, काही अगदी दूर गेल्यासारखी झाली, पण तिचा आवाज जसाच्या तसा. गाणाऱ्याचा आवाज मधोमध ठेवतात, म्हणजे तो दोन्ही बाजूंना सारखा असतो, हे वाचून माहीत होतं. एक कान बंद पडल्यावर ते पटलं. श्वास कुठे घेते, ओळीचं शेवटचं अक्षर कसं गिळते, हे मी त्या आठवड्यात ऐकलं. ज्यांना आवाजाचा अभ्यास करायचा आहे त्यांनी मुद्दाम एक बाजू काढून बघावी.

गाणं तिच्या एका गेलेल्या मित्राचं आहे. जन्म पूर्व टेक्ससमधल्या नॅकोडोचेसचा, पण सगळ्यांना सांगायचा की मी लेक चार्ल्सचा. पिवळी एल कमिनो गाडी, ब्लूज गायक हाउलिन वुल्फची गाणी, पाँचरट्रेन सरोवरावरून जाणारा हमरस्ता. मग शेवटच्या क्षणाविषयीचा तिचा प्रश्न : कुणी देवदूत तुझ्या कानाशी काही कुजबुजला का, तुला जवळ घेतलं का. साडेपाच मिनिटांचं हे गाणं अल्बममधलं सगळ्यात लांब. माणसाने आपलं म्हणून सांगितलेलं गाव खोटं असलं तरी ती त्याला तिथेच नेऊन ठेवते.

सातवं ‘कान्ट लेट गो’ तिचं नाही, रँडी वीक्सचं. खटकेबाज आहे, स्वयंपाक करताना लावायला उत्तम. आठव्या ‘आय लॉस्ट इट’साठी मी वेगळा अभ्यास केला. हे गाणं तिने १९८० च्या अल्बमवरही गायलं होतं. दोन्ही एकामागोमाग रोज ऐकली. शब्द जवळपास तेच, मधे अठरा वर्षं. पहिलीत सत्तावीस वर्षांची मुलगी हरवलेली वस्तू शोधते आहे, ती मिळेल असा तिला भरवसा आहे. दुसरीत शोधणं तेच, पण घाई उरलेली नाही.

‘मेटल फायरक्रॅकर’ म्हणजे दौऱ्यावरच्या बसचं लाडाचं नाव. नातं तुटल्यावर ती एकच मागणं मागते : मी तुला सांगितलेली गुपितं कुणाला सांगू नकोस. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या आत्मचरित्राचं नाव याच ओळीवर आहे. ‘ग्रीनव्हिल’मध्ये कंट्री गायिका एमिलू हॅरिसचा आवाज मागून येतो. एमिलूने १९९५ मध्ये ‘स्वीट ओल्ड वर्ल्ड’ स्वतः गायलं होतं, तेव्हा ओळख जुनी. पिऊन हात उगारणाऱ्या माणसाला दोघी मिळून सांगताहेत की परत जा आपल्या गावाला. एमिलूचा आवाज काचेसारखा, ल्युसिंडाचा सुती गोणपाटासारखा. एकट्या बाईने हे सांगणं आणि शेजारी दुसरी उभी असताना सांगणं यात फरक असतो, तो इथे सुरांतच दिसतो. अकराव्या ‘स्टिल आय लाँग फॉर युवर किस’ला मी दोनच दिवस दिले.

आता बारावा आठवडा, ज्यासाठी ही नोंद लिहायला बसले. ‘जॉय’. आधी मला हे गाणं आवडायचं नाही, सोडून पुढे जायचे. सगळं गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकाच स्वरसमूहावर, वर स्लाइड गिटार घासत जाते, आणि ती म्हणते की तू माझा आनंद घेतलास, मला तो परत हवा. वेस्ट मेम्फिसला जाऊन बघते, स्लायडेलला जाऊन बघते. पुन्हा तेच. मी वहीत लिहिलं होतं, ‘शब्द संपले वाटतं’.

पाचव्या दिवशी पहाटे आई शेजारच्या खोलीत तिच्या रोजच्या अभंगाची ओळ म्हणत होती. एकच ओळ, दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी जरा वेगळ्या जागी थांबून. याला आपण आळवणं म्हणतो. मी हेडफोन लावला, ‘जॉय’ लावलं आणि फक्त ती एक ओळ मोजत गेले. एकही वेळ दुसऱ्यासारखी नाही. कधी ‘मला’वर जोर, कधी ‘परत’वर. एकदा तक्रार, एकदा धमकी, आणि एकदा चक्क विनवणी. ठेका आणि कॉर्ड बदलत नाहीत म्हणून तर हे बदल ऐकू येतात. मग मागे जाऊन सगळा अल्बम पुन्हा तपासला. खडीच्या रस्त्याची ओळ, देवदूताचा प्रश्न, गुपितांची विनवणी, सगळीकडे हेच. ती ओळ दुसऱ्यांदा गाते तेव्हा नवं काही सांगत नाही, पहिल्यांदा निसटलेलं सांगते. सहा वर्षं ती ज्यासाठी अडून बसली ते हेच असणार असं मला वाटतं. ओळ कागदावर तयार असते. ती प्रत्येक वेळी खरी वाटेल असा गळा लागेपर्यंत थांबावं लागतं.

न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या पाहणीत हा १९९८ चा पहिल्या क्रमांकाचा अल्बम ठरला, आणि पुढच्या वर्षी त्याला समकालीन लोकसंगीताचा ग्रॅमी मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ल्युसिंडाला पक्षाघात झाला. पूर्वीसारखी गिटार आता तिला वाजवता येत नाही, पण ती गाते आहे आणि दौरेही करते आहे.

तेरावा आठवडा, ‘जॅक्सन’. नकाशा काढून बसले. लेक चार्ल्सहून निघणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक १० पूर्वेला लाफिएतवरून बॅटन रूजला जातो. तिथून उत्तरेला व्हिक्सबर्ग, मग उजवीकडे जॅक्सन. गाण्यात एकेक गाव येतं आणि दरवेळी एक वचन : तिथे पोचले की मला तुझी आठवण येणार नाही, डोळ्यांतून पाणी येणार नाही. मी बोट नकाशावर ठेवून तिच्याबरोबर जात होते. गाव मागे पडलं की वचन पुन्हा पुढच्या गावावर ढकललं जातं. गळा तोच रेंगाळलेला, टाळीच्या केसभर मागे. शेवटी जॅक्सन येतं तेव्हा गाणं संपतं, आणि ती तिथे पोचली की नाही हे मला सात दिवस ऐकूनही ठरवता आलेलं नाही.

२००६ मध्ये निघालेल्या आवृत्तीबरोबर दुसरी सीडी आहे, १९९८ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला झालेल्या तिच्या कार्यक्रमाची. सोमवारपासून ती घेते. हेडफोनच्या दोन्ही बाजू आता चालू आहेत.