शिट्ट्या मोजू नका, पाणी बघा

इंदूरमधल्या राजेंद्र नगरच्या किंवा सुदामा नगरच्या मराठी स्वयंपाकघरातून व्हिडिओ कॉलवर पुरणाची सूचना येते, "चार शिट्ट्या काढ, डाळ उपसून घे, मग गूळ घाल." इकडे लंडनच्या भाड्याच्या घरात मुलगी मोजून चार शिट्ट्या काढते, झाकण उघडते, तर दाणा टणक. आणखी तीन काढल्या तरी बोटाखाली मधली कणी लागतेच. मग फोनच्या दोन्ही टोकांना एकच निष्कर्ष निघतो, की पोरीच्या हाताला सवय नाही. सवय नसेलही. पण डाळ न शिजण्याचं कारण बहुतेक वेळा तिच्या हातात नसून नळात असतं.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी चुनखडीच्या थरांतून येतं, म्हणून जड. किटलीच्या तळाला थोड्याच दिवसांत पांढरी खपली धरते, ती हीच. या पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट करतं आणि पेशी एकमेकींना सोडत नाहीत. मँचेस्टरला किंवा ग्लासगोला पाणी हलकं आहे. तिथे तीच डाळ त्याच कुकरमध्ये लोण्यासारखी शिजते. म्हणून इंदूरहून कृती सांगताना पहिला प्रश्न "किती शिट्ट्या?" हा नको, "तुझ्या गावचं पाणी कसं आहे?" हा हवा.

उपाय सोपा आहे. आदल्या रात्री पाणी खळखळून उकळा, गार होऊ द्या आणि तळाशी बसलेला साका न ढवळता वरचं पाणी ओतून घ्या. चुनखडीच्या पाण्याचा बराचसा जडपणा उकळल्यावर खाली बसतो. पाण्याचा फिल्टरवाला जग असेल तर तोही चालतो. त्या पाण्यात हरभरा डाळ चार तास भिजवायची. अर्धा किलो डाळीला खायचा सोडा चिमूटभर, पाव चमच्याच्या वर अजिबात नाही. जास्त झाला की पुरणाला साबणाची चव येते आणि ती जायफळ-वेलचीने झाकत नाही. गूळ, चिंच, आमसूल, टोमॅटो यातलं काहीही डाळ पूर्ण मऊ होण्याआधी घालायचं नाही. आंबटाने आणि गुळाने अर्धकच्ची डाळ तशीच अडून बसते, मग कितीही रटरटवा. एवढं करूनही शिजली नाही तर डाळ जुनी आहे. परदेशातल्या दुकानात पाकीट किती महिने पडून होतं ते कळत नाही. जिथे गिऱ्हाईक जास्त, तिथूनच डाळ घ्यावी.

आता शिट्ट्यांचं. इंदूरच्या गॅसवरची शिट्टी आणि इथल्या काचेच्या शेगडीवरची शिट्टी यांचा काही संबंध नाही. काचेची विजेची शेगडी सावकाश तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. इंडक्शन भराभर तापतं, त्यावर दोन मिनिटांत तीन शिट्ट्या होतील आणि डाळ तशीच असेल. म्हणून मिनिटं मोजायची: पहिली शिट्टी झाली की आच बारीक, मग पंधरा ते अठरा मिनिटं, मग कुकर शेगडीवरून उचलून बाजूला. नुसतं बटण बंद करून कुकर तिथेच ठेवला तर खाली लागतो. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिथे निव्वळ ओझं आहे. सामानात घालण्याआधी बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर न्या. लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट हवं. आपला खोलगट तवा इंडक्शनवर मध्येच तेवढा तापतो आणि पोळीच्या कडा कच्च्या राहतात.

पुरणाचं प्रमाण: डाळ 500 ग्रॅम, गूळ 450 ग्रॅम, डाळ शिजवायला दीड लिटर पाणी. पाणी मुद्दाम जास्त, कारण कटाच्या आमटीशिवाय पुरणपोळी म्हणजे अर्धं जेवण. डाळ शिजली की चाळणीत दहा मिनिटं निथळू द्यायची. इथेच घाई होते आणि पुढे पुरण सैल पडतं. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं, तेव्हा घाबरून बेसन किंवा आणखी डाळ घालू नये. जाड बुडाच्या भांड्यात ढवळत राहायचं. उलथनं मध्ये उभं राहिलं की उतरवायचं. गार झाल्यावर ते आणखी आळतं, हे लक्षात ठेवलं नाही तर पुरण कोरडं होऊन पोळी फाटते; मग दुधाचा हबका मारून मळून घ्यावं. पुरणयंत्र नसेल तर पीठ चाळायची स्टीलची चाळणी आणि वाटीचं बूड घ्या, मात्र पुरण गरम असतानाच. मिक्सरमध्ये ते लोचट होतं. तपकिरी मस्कोवाडो साखर गुळासारखी दिसते म्हणून घालू नका, तिला काकवीचा उग्र वास असतो. गूळ मिळालाच नाही तर सरळ पांढरी साखर बरी.

कणकेचं दुखणं वेगळं. आपण सिहोरच्या शरबती गव्हाची कणीक हाताळलेली असते. इथे चपातीच्या पिठाच्या पाकिटांवर ब्राऊन, मीडियम, व्हाईट असं लिहिलेलं असतं. पुरणपोळीला मीडियम दोन वाट्या, मैदा म्हणजे इथलं 'प्लेन फ्लोर' (plain flour) एक वाटी, तेल चार चमचे, मीठ, आणि नेहमीच्या पोळीपेक्षा सैल भिजवून दोन तास झाकून ठेवायची. ब्रेडसाठीचं 'स्ट्राँग' पीठ चुकून आणलं तर पोळी लाटताना आखडून परत येते. त्यात ग्लूटेन जास्त असतं, कितीही तिंबलं तरी ते ऐकत नाही. कणकेच्या गोळीच्या दुप्पट पुरण भरावं. आणि पहिली पोळी फाटणारच, ती करणारीची.

तूप. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, मावा, चक्का, सगळंच. विमानतळावर काढून घेतील आणि आईने चार दिवस कढवलेलं कचऱ्यात जाईल. त्यापेक्षा तिथेच कढवायला सांगा. बिनमिठाचं लोणी 500 ग्रॅम घेतलं तर जेमतेम 400 ग्रॅम तूप निघतं. डेन्मार्क-फ्रान्सकडचं लोणी विरजलेल्या सायीचं असतं, त्याच्या तुपाला आपल्या लोणकढ्या तुपाच्या जवळचा वास येतो. साध्या, न विरजलेल्या सायीच्या लोण्याचं तूप निर्जीव लागतं. मिठाचं लोणी कढवू नका, खारट बेरी तळाशी बसून करपते. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आयांनी हेच करावं: डिंक, हळीव, खारकेची पूड, किसलेलं सुकं खोबरं, गोडा मसाला, मेतकूट, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) असा कोरडा माल न्यावा आणि लाडू तिथल्या तुपात वळावेत. डिंक मंद आचेवर थोडा थोडा तळावा. तूप फार कडकडीत असेल तर वरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, मग दाताला चिकटतो. ताजा कढीपत्ता सामानात घालू नये. आणि मुलगा लंडनऐवजी दुबईला किंवा सिंगापूरला असेल तर अनारशाची खसखस चिमूटभरही पाठवू नका. तिथे ती बंदी असलेली वस्तू आहे आणि हा प्रश्न दंडावर मिटत नाही.

साबुदाण्याबद्दल एक गोष्ट घाईघाईने. चिनी-थाई दुकानातले पांढरे मोती आपल्या साबुदाण्यासारखेच दिसतात, पण भिजवले की त्यांचं पीठ होतं. आपला तमिळनाडूतल्या सेलमकडचा साबुदाणा उष्णता देऊन तयार केलेला असतो, म्हणून तो भिजवणं सोसतो. सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, साबुदाण्याची खिचडी तुपात परतलेली नसते, वाफेवर फुललेली असते, आणि वरून फराळी मिक्स्चर, मसाला, लिंबू. घरी करायची तर भिजवलेला साबुदाणा चाळणीवर ओल्या फडक्यात आठ-दहा मिनिटं वाफवावा. भुट्ट्याच्या किसाचं, म्हणजे दुधात शिजवलेल्या किसलेल्या मक्याचं म्हणाल तर इथला मका अतिगोड आणि पाणचट. चार कणसांना दूध वाटीऐवजी अर्धी वाटीच, एक-दोन चमचे मक्याचा रवा, आणि आच मध्यम, नाहीतर साखर खाली धरते. लिंबू शेगडी बंद केल्यावर. आधी पिळलं तर दूध फाटतं.

हे सगळं आनंदाच्या दिवसांचं. दुःखाच्या दिवसाचा स्वयंपाक कुणी फोनवर शिकवत नाही, आणि परदेशात नेमका तोच अंगावर येतो.

इंदूरच्या मराठी वस्तीत कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, वरण-भात येतो. सुतकात तळण नाही, गोड नाही, बऱ्याच घरांत फोडणीही नाही. घरागणिक रीत वेगळी आहे, म्हणून डबा नेण्याआधी त्या घरच्या वडीलधाऱ्यांना इंदूरला फोन करून विचारावं: हळद चालते का, लसूण-कांदा चालतो का. परदेशात अडचण दिवसांच्या हिशोबाची होते. मृत्यू इंग्लंडमध्ये झाला असेल तर नोंदणी, कागदपत्रं आणि दहनभूमीची वेळ मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे जाणं नेहमीचं आहे. तेरा दिवस कधीपासून मोजायचे, याचा निर्णय घरच्यांनी गुरुजींना विचारून घ्यावा. पण डबे आणणाऱ्यांनी तेरा दिवसांची नाही, महिन्याभराची तयारी ठेवावी. पहिल्या दोन दिवसांत सहा घरांतून डबे येतात आणि दहाव्या दिवशी एकही नाही, हे फार वाईट दिसतं. एकाने वही घेऊन वार वाटून टाकावेत. डबे परत न द्यावे लागणारे असावेत. शोकातल्या माणसाने कुणाचं झाकण कुणाचं हे शोधत बसू नये.

भात देताना एक काळजी. शिजवलेला भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये जायला हवा आणि दुसऱ्या दिवशी संपायला हवा. उबदार भातात राहिलेले जंतू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. खोल डब्यात भरलेला भात मधोमध तासन्‌तास गरम राहतो, म्हणून आधी पसरट ताटात मोकळा करावा.

या दिवसांत घशाखाली उतरतो तो गुरगुट्या भात. बासमतीचा होत नाही, तिला चिकटाच कमी. इंदूरला कालीमूंछ तांदूळ मिळतो, इथे सोना मसूरी तीन भाग आणि 'पुडिंग राईस' नावाचा आखूड दाण्याचा तांदूळ एक भाग घ्यावा. नुसता पुडिंग राईस घेतला तर खळ होते. एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर अर्धा तास, शेवटी पळीने घोटायचा. वर मेतकूट, तूप. फोडणी चालत नसेल तर पिठलंही करता येतं: एक वाटी बेसन आधी वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग उकळत्या दोन वाट्या पाण्यात मीठ, ठेचलेलं आलं, हिरवी मिरची घालून त्यात धार धरायची. थेट गरम पाण्यात बेसन टाकलं की गाठी होतात आणि त्या पळीने मोडत नाहीत. झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ हवी, नाहीतर बेसनाचा कच्चा वास राहतो. सोबत लिंबाचं जुनं लोणचं, साखरेचं नको.

मृत्यू इंदूरला झाला आणि मुलगा इकडे अडकला असेल, तर वेळ नीट लक्षात घ्या. हिवाळ्यात इंदूर लंडनच्या साडेपाच तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेचार. तिकडे पानं वाढली जातात तेव्हा इकडे सकाळ असते, माणूस कामावर निघालेला असतो. दहाव्याला, तेराव्याला आईबाबांच्या पानात काय वाढणार ते फोनवर आधीच विचारून, जमेल तेवढं तेच इकडच्या ताटात वाढणं शक्य आहे, पण आदल्या रात्री भिजवावं लागतं. तेराव्याच्या गोडाला पुरण घालणारी घरं आहेत. त्यांचं प्रमाण वरचंच, पाण्याची काळजीही तीच.

आणि त्या दिवशी फोडणी परत येते. इथल्या भाड्याच्या घरात छताला धुराची घंटी असते, ती पहिल्याच मोहरीला ओरडते. तिच्यावर फडकं बांधू नये, पिशवी लावू नये. आग लागली तर तीच वाचवते. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा पूर्ण वेगावर. इथलं 'व्हेजिटेबल ऑइल' बहुतेक वेळा रेपसीडचं असतं, म्हणजे मोहरीच्याच कुळातलं पण झोंबणारा वास नसलेलं, आणि आपल्या सोयाबीन तेलाच्या सवयीच्या हाताला ते चालून जातं. कढलं लहान घ्यावं, तेल दोन चमचे. धूर येईपर्यंत तापवायचं नाही. एक दाणा टाकून बघायचा, तडतडला तर बाकीची मोहरी. थांबली की जिरं, हिंग, मग शेगडी बंद करून हळद, आणि लगेच कटाच्या आमटीत, झाकण वर.