चाळीस लाखांची मर्यादा आणि तिला पडलेलं भगदाड

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्च करता येतो. गोव्यात हेच आकडे २८ आणि ७५ लाख आहेत. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं आणि खर्च त्यातूनच करायचा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

उमेदवाराच्या नोंदवहीशिवाय खर्च निरीक्षकांचं पथकही स्वतंत्र नोंद ठेवतं. मंडप, खुर्च्या, गाड्या यांचं चित्रीकरण होतं, ठरलेल्या दरपत्रकानं किंमत लावली जाते आणि दोन्ही आकडे ताडून पाहिले जातात. पण रात्री वाटलेल्या रोख पाकिटांचं बिल कुठेच नसतं, त्यामुळे ती दोन्ही वह्यांतून निसटतात.

खरं भगदाड त्याहून मोठं आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. फक्त पक्षाचा प्रचार करणारी जाहिरात उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही, त्याचं नाव किंवा फोटो आला की पडते. म्हणून कंपन्यांचा पैसा पक्षाकडे वाहतो. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली, ही माझ्या मते सर्वांत घातक दुरुस्ती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती निवडणूक रोख्यांसह (नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्याची बँकेची रोखेपद्धत) रद्द केली. पक्षांच्या खर्चाला मात्र अजून कुंपण नाही.